सदतिसाव्या अक्षांशाच्या उत्तरेला

16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात विष्णू गणेश पिंगळे यांना फाशी दिली गेली. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचा हा तरुण अमेरिकेत शिकायला गेला, ब्रिटिश राज्य सशस्त्र उठावाने उलथवण्याचा कट करणाऱ्या गदर चळवळीत ओढला गेला, हिंदुस्थानात परतला आणि मार्च 1915 मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडला गेला. पुढे अडीच वर्षांनी, एप्रिल 1918 मध्ये, याच कटाच्या अमेरिकेतल्या बाजूचा निकाल सॅन फ्रान्सिस्कोत लागला. 29 जण दोषी ठरले. फाशी एकालाही झाली नाही. भारतीय आरोपींत सर्वांत जड शिक्षा तारकनाथ दास यांना झाली, ती 22 महिन्यांची.

या तफावतीचं श्रेय पुष्कळदा अमेरिकी न्यायालयाच्या सौम्यपणाला दिलं जातं. ते चूक आहे. लाहोरचा खटला 1915 च्या भारत संरक्षण कायद्याखाली तीन आयुक्तांसमोर चालला. तिथे ज्यूरी नव्हती, अपील नव्हतं, आणि आरोप होता बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या न्यायालयाचा इंग्लंडच्या बादशहाशी काही संबंधच नव्हता. त्याला एकच प्रश्न विचारता येत होता: या लोकांनी अमेरिकेच्या भूमीवरून, अमेरिकेशी मैत्री असलेल्या देशाविरुद्ध लष्करी मोहीम उभारण्याचा कट करून अमेरिकेचा तटस्थतेचा कायदा मोडला का? कटाच्या गुन्ह्याला तेव्हाच्या दंडसंहितेत कमाल शिक्षा होती दोन वर्षं कैद आणि 10,000 डॉलर दंड. कटाला मदत करणारा जर्मन वकिलातीचा प्रमुख, कौन्सल फ्रांट्स बॉप, याला ती पुरेपूर मिळाली. दास यांचे 22 महिने म्हणजे कमाल मर्यादेला दोनच महिने कमी. न्यायाधीश विल्यम व्हॅन फ्लीट यांच्या हातात जेवढं होतं, तेवढं जवळपास सगळं त्यांनी वापरलं. फरक पडला तो आरोपी कुठल्या न्यायालयाच्या हद्दीत सापडले यामुळे.

त्या न्यायालयाचं नाव युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट फॉर द नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट ऑफ कॅलिफोर्निया. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, व्यवस्थेतलं हे पहिल्या पायरीचं न्यायालय. साक्षी इथे होतात, पुरावा इथे नोंदला जातो, ज्यूरी इथे बसते. वरच्या न्यायालयांचे निकाल गाजतात, पण वस्तुस्थिती काय होती हे ठरतं ते इथेच. मला या न्यायालयाच्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आता खटला सॅन फ्रान्सिस्कोतच का? ‘ॲनी लार्सन’ या जहाजावर हिंदुस्थानातल्या उठावासाठी आठ हजारांवर रायफली आणि सुमारे 40 लाख काडतुसं चढवली गेली ती सॅन डिएगोत. मेक्सिकोजवळच्या सोकोरो बेटापाशी ‘मॅव्हरिक’ नावाच्या दुसऱ्या जहाजाला तो माल द्यायचा होता, ती गाठ चुकली. जून 1915 मध्ये माल जप्त झाला तो वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रेज हार्बर बंदरात. आणि अमेरिकी घटनेची सहावी दुरुस्ती सांगते की गुन्हा ज्या राज्यात आणि ज्या डिस्ट्रिक्टमध्ये घडला, तिथल्याच ज्यूरीसमोर खटला चालला पाहिजे. सॅन डिएगो तर तेव्हाही सदर्न डिस्ट्रिक्टमध्ये होतं.

याचं उत्तर कटाच्या स्वरूपात आहे. कटाची बोलणी जिथे झाली तिथे खटला चालतोच. शिवाय 1912 मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘हाइड’ खटल्यात ठरवलं होतं की कट तडीस नेण्यासाठी एकाही आरोपीने एखादी उघड कृती जिथे केली, तिथेही तो चालवता येतो. बाकीच्यांनी तिथे पाऊल टाकलेलं नसलं तरी. सॅन फ्रान्सिस्कोत जर्मन वकिलात होती, गदर पक्षाचा युगांतर आश्रम होता, आणि 1 नोव्हेंबर 1913 पासून ‘गदर’ पत्र तिथूनच निघत होतं. एवढं पुरेसं होतं. आजही अनेक राज्यांत पसरलेल्या आर्थिक घोटाळ्यात सरकारी वकील सोयीचा डिस्ट्रिक्ट निवडतात ते याच नियमाच्या जोरावर, आणि बचावाच्या वकिलाने पहिला अभ्यास करायचा तो आरोपपत्रातल्या उघड कृतींच्या यादीचा: यातली नेमकी कोणती या हद्दीत घडली, आणि ती खरंच कटाच्या कामाची होती का.

खटला नोव्हेंबर 1917 मध्ये उभा राहिला आणि सुमारे पाच महिने चालला. अगदी शेवटी, भर न्यायालयात, आरोपी रामसिंग याने सहआरोपी रामचंद्र यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि पुढच्याच क्षणी मार्शलच्या गोळीने तोही कोसळला. दोघेही मेले. हे घडलं ती सेव्हन्थ आणि मिशन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची 1905 ची इमारत 1906 च्या भूकंपातूनही उभी राहिलेली आहे. आज तिथे नाइन्थ सर्किटचं, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या विभागाचं, अपील न्यायालय बसतं. या डिस्ट्रिक्टची जुनी कागदपत्रं सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. डिस्ट्रिक्ट कोर्टांचे दस्तऐवज तिथे रेकॉर्ड ग्रुप 21 या क्रमांकाखाली मागायचे असतात. पिंगळे किंवा वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांच्यावर काम करणाऱ्या मराठी अभ्यासकांनी लंडनच्या आणि दिल्लीच्या संग्रहांइतकंच या दस्तऐवजांकडेही वळायला हवं. हे लोक अमेरिकेत असताना काय करत होते, याच्या शपथेवरच्या साक्षी इथे आहेत.

न्यायालय मात्र गदरच्या खूप आधीचं. कॅलिफोर्निया 9 सप्टेंबर 1850 रोजी राज्य झालं आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तिथे दोन डिस्ट्रिक्ट आखले. सीमारेषा होती सदतिसावा अक्षांश. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली. मॉन्टरे गाव या रेषेच्या दक्षिणेला पडल्यामुळे सदर्नमध्ये गेलं. आज मॉन्टरे काउंटी, म्हणजे राज्याचा त्या नावाचा प्रशासकीय विभाग, नॉर्दर्नमध्ये आहे. 1866 मध्ये दोन्ही डिस्ट्रिक्ट मोडून राज्याचा एकच केला गेला, 1886 मध्ये पुन्हा दोन झाले, आणि 18 मार्च 1966 च्या कायद्याने चार: नॉर्दर्न, ईस्टर्न, सेंट्रल, सदर्न. जुने निकाल वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. ‘नॉर्दर्न डिस्ट्रिक्ट’ असं 1940 च्या निकालावर लिहिलं असेल तर त्यात सॅक्रामेंटोही होतं. आता नाही.

पहिले न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन. 1851 मध्ये नेमणूक झाली तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती, आणि 1891 मध्ये मृत्यूपर्यंत ते त्या खुर्चीवर होते. डिस्ट्रिक्टचं नाव आणि सीमा बदलत राहिल्या, न्यायाधीश तेच. सुरुवातीची त्यांची दोन मोठी कामं म्हणजे जहाजं आणि जमिनी. जहाजांचं कारण उघड आहे: सोन्याच्या गर्दीतलं बंदर, खलाशांचे थकलेले पगार, धडकलेली गलबतं. हे सागरी दावे घटनेनेच फेडरल न्यायालयांकडे दिलेले आहेत.

जमिनींचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून मिळाला तेव्हा जुन्या सनदा मानण्याचं वचन तहात दिलं गेलं होतं. 1851 च्या कायद्याने आयोग नेमला, त्याच्यापुढे 813 दावे आले, आणि आयोगाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची जागा होती डिस्ट्रिक्ट कोर्ट. इनामांच्या सनदा तपासणाऱ्या मुंबई इलाख्यातल्या इनाम कमिशनचा काळही जवळपास हाच, हे मराठी वाचकाला सहज आठवेल. त्यातला एक दावा होझे लिमांतूर या फ्रेंच व्यापाऱ्याचा. सॅन फ्रान्सिस्को शहराचा मोठा भाग आणि अल्काट्राझसह काही बेटं आपल्याला मेक्सिकोच्या गव्हर्नरने दिली, असं तो म्हणत होता. आयोगाने 1856 मध्ये त्याचे शहरातले दावे मान्य केले. शहरातली घरं-दुकानं विकत घेतलेले लोक हवालदिल झाले. हॉफमन यांच्यापुढे मात्र सरकारने कागदांवरच्या शिक्क्यांची अस्सल कागदांवरच्या शिक्क्यांशी तुलना मांडली, छायाचित्रं पुराव्यात आणली, आणि शिक्का बनावट असल्याचं दाखवून दिलं. 1858 मध्ये दावा फेटाळला गेला. कागद पाहून समाधान मानणं आणि कागद तपासणं यांतला फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारी प्रकरणं थोडी आहेत.

मग चिनी माणसं आली. किंवा असं म्हणू की ती आधीच आलेली होती, आणि 1882 च्या चिनी बहिष्कार कायद्याने त्यांना बाहेर ठेवायचं ठरवलं. बंदरात जहाजावरच अडवून ठेवलेला माणूस हेबियस कॉर्पसचा अर्ज करी: मला कोणत्या कायद्याने अडकवलंय ते सांगा. असे हजारो अर्ज हॉफमन यांच्यापुढे आले. चिनी स्थलांतराबद्दल त्यांना आपुलकी नव्हती, पण अर्ज आला की ते माणसाची साक्ष घेत आणि पुरावा असेल तर सोडत. शहरातली वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. मला हॉफमन यांचा आदर वाटतो तो यासाठी. मत एकीकडे आणि समोरचा पुरावा दुसरीकडे असताना त्यांनी पुरावा ऐकला.

याच रस्त्याने 1895 मध्ये वाँग किम आर्क आला. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी, चीनला जाऊन परतला तर बंदरावर अडवला गेला. 3 जानेवारी 1896 रोजी न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी ठरवलं की इथे जन्मला म्हणजे तो नागरिक आहे. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि 28 मार्च 1898 रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी हरलं. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या प्रत्येक वादात आजही हाच निकाल पुढे केला जातो. पण त्यानंतर सातच वर्षांनी, 1905 च्या ‘जू टॉय’ प्रकरणात, दार बंद झालं. याच न्यायालयाने जू टॉयला जन्माने नागरिक ठरवून सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बंदरावरच्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम, न्यायालयाने त्यात वस्तुस्थिती नव्याने तपासू नये. हक्क कागदावर तसाच राहिला. तो सिद्ध करण्याची जागा काढून घेतली गेली. मला वाटतं, हक्क मोडण्याचा हा प्रकार उघड बंदीपेक्षा जास्त घातक असतो, कारण तो दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं तेव्हाची दोन प्रकरणं इथलीच. मित्सुये एंडो ही सॅक्रामेंटोत राज्य सरकारची नोकरी करणारी तरुणी. ती टूली लेकच्या छावणीत होती, आणि ती छावणी तेव्हा नॉर्दर्न डिस्ट्रिक्टच्या हद्दीत होती. जुलै 1942 मध्ये तिच्या वतीने हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला, न्यायाधीशांनी वर्षभराने तो नाकारला, आणि त्यावरचं अपील चालू असताना सरकारने तिला उटामधल्या छावणीत हलवलं. मग प्रश्न आला: माणूसच हद्दीबाहेर गेला तर अर्जाचं काय? सुप्रीम कोर्टाने 18 डिसेंबर 1944 रोजी सांगितलं की अर्ज दाखल झाला तेव्हा न्यायालयाला अधिकार होता, आणि कैदी हलवून तो काढून घेता येत नाही. आज स्थलांतर खात्याने पकडलेल्या माणसाला रातोरात दुसऱ्या राज्यात हलवलं जातं तेव्हा वकील धावपळ करतात ती यासाठीच. अर्ज माणूस हलवण्याआधी, तो त्या क्षणी जिथे अडकवलेला आहे त्या डिस्ट्रिक्टमध्ये पडला पाहिजे. फी फक्त पाच डॉलर आहे. काही तासांचा उशीर झाला तर न्यायालय बदलतं, सर्किट बदलतं आणि लागू होणारे निकालही बदलतात.

फ्रेड कोरेमात्सू यांना मात्र त्याच दिवशी सुप्रीम कोर्टात हार पत्करावी लागली. त्यांना 1942 मध्ये याच न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. चाळीस वर्षांनी संशोधकांना सरकारी दप्तरांत असे कागद सापडले, ज्यांवरून सरकारने सुप्रीम कोर्टापासून पुरावा दडवल्याचं दिसत होतं. अशा वेळी जायचं कुठे? शिक्षा तर केव्हाच भोगून झाली होती. उत्तर असं की ‘कोरम नोबिस’, म्हणजे वस्तुस्थितीतल्या चुकीवरून जुनी दोषसिद्धी रद्द करण्याचा, अर्ज जिथे दोषी ठरवलं गेलं त्याच न्यायालयात करायचा असतो. 10 नोव्हेंबर 1983 रोजी न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी दोषसिद्धी रद्द केली. सुप्रीम कोर्टाने काढलेला कायद्याचा अर्थ बदलण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि निकालपत्रात त्यांनी ते स्वच्छ लिहिलं. पण वस्तुस्थितीची नोंद दुरुस्त करणं त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी केलं.

आज या डिस्ट्रिक्टमध्ये 15 काउंट्या आहेत, वर ओरेगॉनच्या सीमेवरच्या डेल नॉर्टपासून खाली मॉन्टरेपर्यंत. कायद्याने मंजूर न्यायाधीश 14. न्यायालय सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅन होजे आणि उत्तरेला युरेका भागात बसतं. प्रकरणाच्या क्रमांकाचा पहिला आकडाच जागा सांगतो: 1 म्हणजे युरेका, 3 सॅन फ्रान्सिस्को, 4 ओकलंड, 5 सॅन होजे. पुढे वर्ष, मग दिवाणीसाठी ‘सीव्ही’ किंवा फौजदारीसाठी ‘सीआर’, मग अनुक्रम आणि शेवटी न्यायाधीशांची आद्याक्षरं. सॅन होजेकडे सँटा क्लारा, सँटा क्रूझ, सॅन बेनिटो आणि मॉन्टरे या काउंट्या. त्यामुळे सनीव्हेल किंवा क्युपर्टिनोत घडलेल्या गोष्टीचा दावा सॅन होजेला जातो. फ्रीमॉन्ट सॅन होजेला खेटून असूनही अलामेडा काउंटीत येतं, म्हणून तिथला दावा ओकलंड किंवा सॅन फ्रान्सिस्कोला. पेटंट आणि शेअर-फसवणुकीचे सामूहिक दावे याला अपवाद, ते संपूर्ण डिस्ट्रिक्टमध्ये वाटले जातात.

भारतातून गेलेल्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे नाही, त्याच्या आधीच होतो. पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात केंद्राचा कायदा आणि राज्याचा कायदा एकाच छताखाली चालतो. अमेरिकेत दोन वेगळ्या रांगा आहेत. घटस्फोट, घरभाडं, मृत्युपत्र, अपघात, बहुतेक गुन्हे हे सगळं राज्याच्या सुपीरियर कोर्टात. फेडरल न्यायालयात काँग्रेसने जेवढं दिलंय तेवढंच. मुख्य वाटा दोन. एक, दावा फेडरल कायद्यावर उभा असेल. दोन, दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असतील आणि मागणी व्याज-खर्च सोडून 75,000 डॉलरपेक्षा जास्त असेल.

दुसरी वाट दिसते तितकी सोपी नाही. प्रत्येक वादी प्रत्येक प्रतिवादीपेक्षा वेगळ्या राज्याचा हवा. एकाचंही राज्य जुळलं तर सगळं कोसळतं. एच-वन-बीवरच्या माणसाने कॅलिफोर्नियाच्या नागरिकावर दावा केला तर चालतो. पण एच-वन-बीवरच्या दोघांचा आपसातला वाद, दोघेही परदेशी नागरिक, इथे चालत नाही. ग्रीन कार्डवाला कॅलिफोर्नियात स्थायिक असेल आणि समोरचाही कॅलिफोर्नियाचाच नागरिक असेल, तरीही नाही. कंपनीची दोन राज्यं धरतात: नोंदणीचं आणि मुख्य कारभाराचं. मुख्य कारभार म्हणजे जिथून वरिष्ठ अधिकारी सूत्रं हलवतात ती जागा, हे 2010 मध्ये ‘हर्ट्झ’ खटल्यात ठरलं, आणि तो खटलाही याच डिस्ट्रिक्टमधून वर गेला होता. एलएलसीची (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची) गोष्ट निराळी. तिचे जितके सदस्य, त्या सगळ्यांची राज्यं तिची. मित्रांनी मिळून काढलेल्या छोट्या एलएलसीत एखादा सदस्य समोरच्याच राज्यातला निघतो आणि वर्षभराचं काम वाया जातं.

वाया जातं, कारण न्यायालयाला त्या विषयाचा अधिकार नसेल तर ती त्रुटी दोन्ही पक्षांच्या संमतीनेही भरून निघत नाही. अपिलात कुणाच्या लक्षात आलं तरी निकाल रद्द होतो. दाव्याच्या जागेचा आक्षेप मात्र उलट आहे: पहिल्याच उत्तरात घेतला नाही तर कायमचा गेला. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 21 चा आशयही हाच आहे, म्हणून भारतात वकिली केलेल्यांना हा भाग लगेच कळतो.

मुदती कडक आहेत. दाव्याची फी 405 डॉलर, समन्स बजावायला 90 दिवस, प्रतिवादीला उत्तराला 21 दिवस. त्याने औपचारिक बजावणी सोडून दिली तर 60. राज्याच्या न्यायालयातला दावा इकडे वर्ग करून घ्यायचा तर बजावणीपासून 30 दिवसांत. प्रतिवादी पुण्यात असेल तर 90 दिवसांची मर्यादा लागू नसते, पण परदेशात समन्स बजावण्याच्या हेग करारानुसार कागद दिल्लीला विधी मंत्रालयातल्या केंद्रीय प्राधिकरणाकडूनच यावे लागतात. भारताने टपालाने बजावणीला हरकत नोंदवलेली आहे, त्यामुळे कुरियरने पाठवलेलं समन्स समोरचा वकील पहिल्या झटक्यात उडवू शकतो. कागदपत्रं फेडरल न्यायालयांच्या ‘पेसर’ या संकेतस्थळावर दहा सेंट पानाला वाचता येतात, बहुतेक दस्तऐवजांना कमाल तीन डॉलर, आणि तिमाहीचं बिल 30 डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर माफ. स्वतःचा दावा लिहिण्याआधी त्याच प्रकारचे दोन-तीन जुने दावे काढून वाचावेत, इतका स्वस्त अभ्यास दुसरा नाही.

बे एरियातल्या मराठी घरांचा या न्यायालयाशी संबंध येतो तो बहुधा नागरिकत्वाच्या अर्जामुळे. मुलाखतीनंतर 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्जदार थेट डिस्ट्रिक्ट कोर्टात जाऊ शकतो. न्यायाधीश स्वतः निर्णय देऊ शकतात किंवा सूचना देऊन प्रकरण स्थलांतर खात्याकडे परत पाठवू शकतात. नाइन्थ सर्किटच्या मते असा अर्ज पडताच निर्णयाचा अधिकार खात्याकडून न्यायालयाकडे जातो, म्हणून खाते बऱ्याचदा तडजोडीला तयार होतं. 120 दिवस मोजायचे ते मुलाखतीच्या तारखेपासून, अर्जाच्या नव्हे. ही चूक सर्रास होते. देशातून काढून टाकण्याचा अंतिम आदेश मात्र या न्यायालयात अडवता येत नाही. 2005 च्या कायद्यापासून त्याची दाद 30 दिवसांत थेट अपील न्यायालयात मागावी लागते, आणि चुकीच्या न्यायालयात गेलेला अर्ज परत येईपर्यंत ते 30 दिवस संपलेले असतात.

नागरिकत्वाचा दावा अर्जदार राहतो त्या डिस्ट्रिक्टमध्येच करावा लागतो. स्वस्त घरासाठी अल्टमाँट खिंड ओलांडून माउंटन हाउस किंवा ट्रेसीला गेलेली कितीतरी कुटुंबं रोज सॅन होजेकडे कामाला येतात. ती सॅन वाकीन काउंटी आहे, 1966 च्या रेषेने ईस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये गेलेली. त्यांनी सॅन होजे किंवा सॅन फ्रान्सिस्कोत नव्हे, सॅक्रामेंटोत जायचं. खिंडीच्या अलीकडच्या लिव्हरमोरला राहणाऱ्याने ओकलंड किंवा सॅन फ्रान्सिस्कोत.